बाळंतपणाची रजा बापालाही हवी, आणि आईच्या रजेचा पगार कंपनीच्या खिशातून नको

बाळंतपणाच्या रजेबद्दल माझी दोन ठाम मतं आहेत. पहिलं, ही रजा बापालाही मिळावी, आणि त्याने ती घेतली नाही तर ती बायकोच्या नावावर न चढता बुडावी. दुसरं, आईच्या रजेचा पगार ती जिथे नोकरी करते त्या कंपनीवर टाकू नये. पहिलं मत ऐकलं की घरातली वडीलधारी माणसं विचारतात, "पुरुषमाणूस महिनाभर घरी बसून करणार काय?" दुसरं ऐकलं की मैत्रिणी चिडतात. "एवढ्या वर्षांनी सव्वीस आठवडे मिळाले आणि तू मालकांची बाजू घेतेस?"

आईच्या सव्वीस आठवड्यांतला एक दिवसही कमी करा असं मी म्हणत नाही. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि २६ आठवडे म्हणजे जवळपास तेच सहा महिने. रजा योग्यच आहे. ती ज्या पद्धतीने दिली जाते त्या पद्धतीचा फटका मात्र बाईलाच बसतो. कसा, ते हिशेब मांडून सांगते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. आधी त्यात १२ आठवड्यांची भरपगारी रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली, तिसऱ्यासाठी १२ च राहिली. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तो लागू होतो. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असेल तर बाई पात्र ठरते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येऊ द्यावं लागतं. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, आणि तिच्यात या तरतुदी जवळपास अशाच घेतल्या आहेत.

यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. रजेचा सगळा पगार मालक देतो. आणि पाळणाघरात चार वेळा जायची मुभा फक्त स्त्रीला आहे. बापाच्या ऑफिसात पाळणाघर असेल, मूल तिथे असेल, तर बापाने मधून मधून जाऊन त्याला बघावं की नाही याबद्दल कायदा गप्प आहे. मूल आईच्याच ऑफिसात येणार आणि आईच त्याच्याकडे धावणार, हे लिहिणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं.

मी छोट्या कंपन्यांचं पगारपत्रक आणि पीएफ-ईएसआयचे कागद बघते, त्यामुळे पहिला मुद्दा मला रोज आकड्यांत दिसतो. समजा चौदा माणसांची कंपनी आहे. एका जागेसाठी एक मुलगा आणि एक मुलगी आले आहेत. दोघंही सत्तावीस वर्षांचे, शिक्षण सारखं, अनुभव सारखा, पगार महिना ४०,०००. दोघांचंही नुकतंच लग्न झालेलं. मुलगी घेतली आणि दोन वर्षांत तिला बाळ झालं, तर सहा महिन्यांचा पगार साधारण २,४०,००० रुपये होतो. तेवढ्या काळात तिचं काम करायला दुसरं माणूस लागतं, त्याचाही पगार येतो. म्हणजे सहा महिने एका खुर्चीसाठी दोन पगार. मुलाला बाळ झालं तर कंपनीला काय खर्च येतो? काहीच नाही. तो चार दिवस सुट्टी घेतो, तीही त्याच्या खात्यावरच्या रजेतून.

हजारो माणसांच्या कंपनीत हा खर्च मुरून जातो. चौदा माणसांच्या कंपनीत तो मालकाला आडवं पाडतो. मग मुलाखतीत घुटमळत विचारलं जातं, "मिस्टर कुठे असतात? पुढचं काय ठरवलंय?" विचारणाऱ्याच्या मनात बायकांबद्दल राग असेलच असं नाही. नियमाने जी आकडेमोड त्याच्यापुढे ठेवली, ती तो करतो. आणि तिची किंमत कोण मोजतं? जिला मूल नको आहे तीही, जिला दोन मुलं होऊन गेली आहेत तीही. "कळवतो" म्हणून सांगितलेला फोन आला नाही, एवढंच त्यांना कळतं. कारण कधीच कळत नाही. म्हणूनच हा अन्याय कुठल्या तक्रारीत उतरत नाही आणि कोर्टातही पोचत नाही.

हा धोका जगाला ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या प्रसूती संरक्षण करारात, म्हणजे करार क्रमांक १८३ मध्ये, साफ लिहिलं आहे की नोकरीतल्या बाईची स्थिती सांभाळायची तर हा पैसा सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावा. तो थेट एकेका मालकावर टाकू नये. भारताने हा करार स्वीकारलेला नाही.

गंमत अशी की असा निधी आपल्याकडे आहे आणि गावोगावच्या कारखान्यांत तो माहितीचा आहे: ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. २०,००० पगार असेल तर मालकाचे ६५० रुपये. कामगार बाई असो की पुरुष, रक्कम तीच. या निधीतून बाळंतपणाच्या रजेचा पैसा मिळतो. त्यामुळे ईएसआयमधल्या बाईला नोकरीवर घेतलं म्हणून मालकाचा रजेच्या पगाराचा खर्च एक रुपयानेही वाढत नाही. पगार २१,००० च्या वर गेला की तीच बाई या छत्राबाहेर पडते, आणि तिचे सव्वीस आठवडे एकट्या मालकाच्या अंगावर येतात. शिकलेली, अनुभवी, पगारात वर चढलेली बाई मालकाला जास्त महाग पडते, ती अशी.

ही चर्चा मुंबईत जवळपास शंभर वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. गिरणी आणि कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आलं तेव्हा, जुलै १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा होता: बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. मालकाची जबाबदारीही त्यांनी नाकारली नाही. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. भार मात्र मालकावरच राहिला, आणि अजून तिथेच आहे. माझ्या मैत्रिणींना मी हेच सांगते: हक्क कमी करायचा नाही, त्याचा पैसा सगळ्यांच्या खिशातून थोडा थोडा काढायचा, म्हणजे तो हक्क मागणारीकडे कुणी खर्चाचं खातं म्हणून बघणार नाही.

आता बापाकडे येऊ. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे कायद्यापेक्षा आपल्या चालीरीती जास्त आडव्या येतात.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. डोहाळजेवण झालं की मुलगी आईकडे जाते आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की परत येते. मधल्या काळात तिला मालिश, शेकशेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, आणि मुख्य म्हणजे अंग टाकून पडायची मोकळीक मिळते. सासरची माणसं कितीही चांगली असली तरी ही मोकळीक तिथे मिळत नाही. मला ही चाल मनापासून आवडते. पण त्याच काळात बाळाचा बाप कुठे असतो? रविवारी येतो. बारशाला येतो. बाईंनी तेल लावून न्हाऊ घातलेलं, धुरी दिलेलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं जातं. तो फोटो काढतो. बाळाने ओठ काढला की "घे गं" म्हणून परत देतो. संध्याकाळच्या गाडीने निघतो.

बाळ सांभाळणं आईला जन्मतः येतं, ही समजूत बहुतेक घरांत पक्की आहे. पहिल्या आठवड्यातल्या आईला कुणी जवळून पाहिलं असेल तर त्याला ठाऊक असतं की तीही तितकीच घाबरलेली असते. मान कशी धरायची, ढेकर निघाली की नाही, हे रडणं भुकेचं की पोटात दुखतंय म्हणून, शी हिरवी झाली तर चालतं का, रात्री अडीचला अंग गरम लागलं तर काय करायचं. ती हे सगळं शिकते, कारण अडीच वाजता तिला दुसरा इलाज नसतो. तीन महिन्यांत ती तयार होते. बाप पहिल्या दिवशी जिथे होता तिथेच असतो.

मग ती सासरी येते. तो हौसेने लंगोट बदलायला घेतो, तो सैल बसतो, आणि ती थकलेल्या आवाजात म्हणते, "असं नाही रे, दे इकडे." त्यात तिची चूक नाही, तिचा वेळ वाचतो. तोही सुटल्यासारखा बाजूला होतो. हे दहा वेळा झालं की कामाची वाटणी ठरून जाते. लसीकरणाचं कार्ड तिच्या कपाटात जातं. जन्मल्या जन्मल्या बीसीजी, मग सहावा, दहावा, चौदावा आठवडा, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, या तारखा तिच्या डोक्यात राहतात. बालरोगतज्ज्ञांचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये. पुढे शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर तिचा, म्हणून ताप आल्यावर शाळेचा फोन तिला, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा तिची, म्हणून वर्षअखेरीला "कामात लक्ष कमी" हा शेराही तिलाच. बापाचं मुलावर प्रेम कमी असतं असं मला अजिबात वाटत नाही. शिकण्याच्या महिन्यांत तो तिथे नव्हता, एवढंच, आणि ते एवढंच पुढची पंधरा वर्षं पुरतं.

आकडे हेच सांगतात. केंद्र सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणात २०२४ मध्ये बायकांची घरकामाची सरासरी दिवसाला २८९ मिनिटं आली आणि पुरुषांची ८८. हे ८८ वाचून कुणी समाधान मानण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ही सरासरी त्या दिवशी काही ना काही घरकाम केलेल्यांचीच असते. अजिबात न करणारे त्यात येत नाहीत. २०१९ च्या अशाच सर्वेक्षणात दिवसाभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. म्हणजे चारातल्या तिघांनी काहीच केलं नव्हतं.

याचा पगाराशी काय संबंध, ते डेन्मार्कच्या अभ्यासाने फार स्वच्छ दाखवलं. अर्थतज्ज्ञ हेन्रिक क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी नोंदी घेऊन पहिलं मूल होण्याआधीची आणि नंतरची कमाई तपासली. मुलाआधी स्त्री-पुरुषांच्या कमाईची रेघ बरोबरीने जाते. मूल झालं की बाईची रेघ खाली येते, पुरुषाची हलत नाही. कित्येक वर्षांनीही साधारण २० टक्क्यांचं अंतर उरतं. आणि हा डेन्मार्क आहे, पाळणाघरांची चांगली सोय असलेला देश. सोय असली, रजा असली, तरी मूल आईचं ही समजूत जागची हलली नाही तर फरक राहतोच.

मग ती हलते कशाने? नॉर्वेने १९९३ मध्ये पालकांच्या रजेतले चार आठवडे बापासाठी राखून ठेवले. त्याने घेतले नाहीत तर ते बुडतात, आईला मिळत नाहीत. त्याआधी रजा घेणारे बाप जेमतेम ३ टक्के होते. नियम येताच ते एक तृतीयांशाच्या पुढे गेले आणि काही वर्षांत ७० टक्क्यांच्या घरात पोचले. त्याच नॉर्वेच्या नोंदींवरून पुढे एक सुंदर गोष्ट दिसली. ज्याच्या भावाने ही रजा घेतली होती, त्याने ती घेण्याची शक्यता १५ टक्के बिंदूंनी वाढली. सहकाऱ्याने घेतली असेल तर ११ बिंदूंनी. साहेबाने घेतली असेल तर परिणाम आणखी मोठा. पुरुषांना नको होतं असं नव्हे, पहिला कोण होणार याची भीती होती. 'बुडेल' हा नियम त्या भीतीवरचा उपाय आहे. बायकोच्या नावावर करता येणारी रजा असेल तर बाप ती लगेच देऊन टाकतो, आणि ऑफिसातही तेच अपेक्षित असतं. "माझी रजा फुकट जाईल" हे वाक्य मात्र साहेबासमोर उभं राहून म्हणता येतं.

जपानचं उदाहरण उलट बाजूने बोलकं आहे. तिथे बापाला मोठी रजा कित्येक वर्षं कागदावर होती. २०१९ मध्ये ती घेणारे होते ७.४८ टक्के. २०२२ मध्ये नियम बदलला: बाळ होणार असं कर्मचाऱ्याने सांगितलं की कंपनीनेच त्याला रजेची माहिती द्यायची आणि घेणार का ते विचारायचं. त्याच वर्षी बाळंतपणानंतरच्या आठवड्यांसाठी वेगळी पितृत्व रजाही आली. २०२३ मध्ये आकडा ३०.१ टक्के झाला. स्पेन आणखी पुढे गेला. २०२१ पासून तिथे आई आणि बाप दोघांनाही सारखी १६ आठवड्यांची रजा मिळू लागली, एकमेकांना न देता येणारी, आणि पैसा सामाजिक सुरक्षेच्या निधीतून. माझी दोन्ही मतं तिथे एकाच कायद्यात बसली आहेत.

हे झालं की वर सांगितलेली मुलाखतीतली आकडेमोडही बदलते. बाळ झालं की मुलगाही रजेवर जाणार असेल, तर "हिला घेऊ की त्याला" या प्रश्नातला मोठा खडा निघून जातो.

आपल्याकडे केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही, कंपनी देईल ते खरं. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. १५ दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि असंघटित क्षेत्रातल्या बापांनाही. ते पुढे गेलं नाही. सातव २०२१ मध्ये गेले. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पक्षाच्या खासदाराने ते पुन्हा हातात घ्यावं असं मला फार वाटतं.

"हे सगळं शहरातल्या पगारदारांचे लाड आहेत," असं कुणी म्हटलं तर मी रागावत नाही, कारण प्रश्न खरा आहे. बीडहून ऊसतोडीला जाणारी जोडी बघा. तिथे नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल दोघांच्या नावावर असते आणि एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात. फडावरच बाळंत होऊन काही दिवसांत पुन्हा मोळ्या उचलणाऱ्या बाईला सव्वीस आठवडे सांगायचे कुणाच्या जिवावर? मुकादम पगारपत्रक ठेवत नाही. तिच्यासाठी आहे ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना, पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये. मालकावर टाकलेला हक्क मालक नसलेल्या बाईपर्यंत पोचूच शकत नाही. निधीतून येणारा पैसा पोचू शकतो. म्हणून माझं दुसरं मत शहरापेक्षा फडावरच्या बाईच्या जास्त कामाचं आहे.

आता घरात काय करता येईल ते. वडीलधाऱ्यांचा प्रश्न, "तो घरी बसून करणार काय", त्याला माझं उत्तर असं की आई घरात असताना तो खरंच फारसं काही करणार नाही. आजी, आई, मालिशवाल्या बाई, सगळ्या हाताशी असताना त्याच्या वाट्याला औषधं आणणं आणि पाहुण्यांना चहा देणं येतं. म्हणून पंधरा दिवस असोत की आठ, ते सगळे बाळंतपणाच्या वेळी संपवू नयेत. काही राखून ठेवावेत आणि बायको कामावर रुजू होईल त्या दिवसापासून घ्यावेत. ती सकाळी निघून जाईल, बाळ आणि बाप दिवसभर एकटे राहतील. दुपारी आजीने येऊन ताबा घ्यायचा नाही.

केंद्र सरकारी नोकरीत असाल तर तारखा आधीच बघून ठेवा. पितृत्व रजा बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत घ्यावी लागते. बायकोने सव्वीस आठवड्यांतले चार आठवडे बाळंतपणाआधी घेतले असतील, तर बाळ पाच महिन्यांचं असताना ती रुजू होते आणि तुमचे पंधरा दिवस तिथे नीट बसतात. तिने सगळे आठवडे नंतरसाठी ठेवले असतील तर तुमची मुदत आधीच संपते. खासगी नोकरीत असाल तर हक्काची रजा त्या वर्षी दिवाळीला न संपवता या कामासाठी शिल्लक ठेवा. साहेबाला कारण खरं सांगा, "गावी जायचंय" असं नको. तुमच्या मागून त्याच ऑफिसात ज्याला बाळ होणार आहे, तो ते ऐकत असतो.